मुख्यालय जागचं हललं नाही, निकाल मात्र बदलले

नागपूरच्या लोकसभा निवडणुकीवर काहीही वाचा, एक वाक्य हमखास सापडतं: 'संघाचं मुख्यालय इथे, म्हणून भाजप जिंकतो.' माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्येही ते होतं, खोटं कशाला बोलू? गाइडनी काही न बोलता त्याभोवती पेन्सिलीने गोल काढला.

तुम्ही निकालांची यादी काढून बघा. संघाची स्थापना इथेच, १९२५ ची. भाजपला ही जागा मिळाली थेट १९९६ मध्ये. जिंकले बनवारीलाल पुरोहित, आणि हेच पुरोहित आधी काँग्रेसचे इथले खासदार होते! पुढे १९९८ ते २००९ सलग चार वेळा काँग्रेसचे विलास मुत्तेमवार. १९७१ मध्ये तर विदर्भवादी जांबुवंतराव धोटे, फॉरवर्ड ब्लॉककडून. मुख्यालय तेव्हाही महालातच होतं ना? मग जे बदललंच नाही, ते एकटं बदलाचं कारण कसं ठरेल?

२०१४ पासून नितीन गडकरी जिंकताहेत. पण मताधिक्य बघा: सुमारे २.८४ लाख, मग २.१६ लाख, मग १.३७ लाख. 'बालेकिल्ला' म्हटलं की ही घसरण दिसतच नाही. २००९ मध्ये मुत्तेमवार पंचवीस हजारांच्या आत जिंकले, आणि बसपाची मतं त्याच्या कितीतरी पट होती. मला तरी हे कोडं जास्त रंजक वाटतं.

संघाचा प्रभाव नाही, असं म्हणत नाहीये. पण तो दाखवायचा तर निदान बूथनिहाय मतं हवीत, म्हणजे फॉर्म २०. सध्या तेच एक्सेलमध्ये भरतोय.