कोऱ्या पत्राचा मायना : चांगदेवचरित्राचा एक विचार

तापी आणि पूर्णा यांच्या संगमावर, जळगाव जिल्ह्यातील मुक्ताईनगर तालुक्यात, चांगदेव नावाचे गाव आहे. तेथील प्राचीन दगडी मंदिर आणि त्याच परिसरातील मेहूण व कोथळी येथील मुक्ताबाईंची स्थाने यांमुळे योगी चांगदेव खानदेशच्या स्मृतीत मुक्ताबाईंचे शिष्य म्हणून स्थिरावले आहेत. मोठ्या शिष्यसमुदायाच्या अधिपतीला संतपद मिळावे, आणि तेही त्याचे अधिपतिपद गळून पडल्यावर, ही गोष्ट चरित्रवाङ्मयाच्या अभ्यासकाने बारकाईने तपासण्याजोगी आहे.

प्रथम नामाचा प्रश्न निकालात काढला पाहिजे. ‘चांग’ म्हणजे उत्तम. ‘चांगला’ हे विशेषण त्याच शब्दाचा विस्तार होय. यादवकाळात हे नाव रूढ होते. चाळीसगावजवळील पाटण येथील शके ११२८ च्या शिलालेखात भास्कराचार्यांचे नातू चांगदेव येतात. ते सिंघण यादवाचे ज्योतिषी. आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांनी मठ स्थापिला. महानुभावांच्या पंचकृष्णांतील चांगदेव राऊळ आणखी निराळे. तेव्हा नामसादृश्यावरून एकाच्या आयुष्यातील प्रसंग दुसऱ्याच्या पदरी बांधणे धोक्याचे आहे.

तापीतीरीच्या चांगदेवांची कथा सर्वश्रुत आहे. चौदाशे वर्षांच्या या योग्याला ज्ञानदेवांस पत्र लिहावयाचे होते. परंतु ‘चिरंजीव’ लिहावे की ‘तीर्थरूप’ हे न ठरल्याने त्यांनी कोराच कागद धाडिला. पुढे ते वाघावर बसून भेटीस निघाले, तेव्हा भावंडे बसल्या भिंतीसह त्यांना सामोरी गेली. भाविक वाचक हे घडलेले वृत्त मानतो, तर चिकित्सक वाचक भाकडकथा म्हणून ते बाजूस सारतो. मात्र या प्रसंगांची निवड कशी झाली, हा प्रश्न दोघेही विचारीत नाहीत.

वस्तुतः दोन्ही प्रसंग एकाच शिष्टाचाराचे आहेत. पत्रात प्रश्न मायन्याचा आहे, भिंतीच्या कथेत सामोरे जाण्याचा. वयाने ज्येष्ठ कोण आणि ज्ञानाने ज्येष्ठ कोण, यांचा मेळ बसत नाही, आणि भाषा तर संबोधनाच्या पहिल्याच शब्दाला निर्णय मागते. मराठीत नाते ठरल्यावाचून पत्राला आरंभच होत नाही. चांगदेवांचा कागद कोरा राहतो तो विद्येच्या अभावी नव्हे, तर नाते ठरविता न आल्यामुळे.

आता ‘चांगदेव पासष्टी’ पाहावी. तिच्या पासष्ट ओव्यांत ना कोरा कागद आहे, ना वाघ, ना भिंत. तथापि तिचा आरंभ पत्राच्या मंगलवचनाने होतो, आणि ते मंगलवचन कोणा ज्येष्ठ-कनिष्ठास उद्देशून नसून जगाच्या आभासामागे दडलेल्या वटेशास उद्देशून आहे. पुढे चांगदेवांना वटेश्वराचा पुत्र म्हटले आहे, आणि अखेरीस समोरासमोर ठेवलेल्या दोन आरशांचा दृष्टान्त येतो. त्या आरशांत बिंब कोणते व प्रतिबिंब कोणते, हे सांगता येत नाही. ज्या भेदामुळे मायना अडला, तो भेदच येथे मावळतो.

यावरून एक अनुमान निघते. नामदेवांच्या नावावरील अभंगांपासून अठराव्या शतकातील महिपतींच्या चरित्रग्रंथांपर्यंत पसरलेली ही कथा म्हणजे पासष्टीवरील कथारूप भाष्य होय. अद्वैताचा सिद्धान्त परंपरेने घरोघरच्या पत्रलेखनातील अडचणीत उतरविला. पासष्टीचे पत्ररूपच पूर्वीच्या एखाद्या पत्राची साक्ष देते, असा आक्षेप कोणी घेईल. तो मान्य केला, तरी ते पत्र कोरे होते एवढे त्यावरून सिद्ध होत नाही.

पाश्चात्त्य मठाधिपतींच्या चरित्रांशी तुलना केल्यास हा विशेष अधिक उठून दिसतो. क्लेअरव्होचे मठाधिपती बर्नार्ड ११५३ मध्ये निवर्तले आणि ११७४ मध्ये पोप तिसरे अलेक्झांडर यांनी त्यांना संत घोषित केले. त्यांच्या चरित्रलेखनास त्यांच्या हयातीतच प्रारंभ झाला होता. तेथे चरित्र हे संतपदाच्या निर्णयापुढे ठेवावयाचे प्रमाण होते. चमत्कारांनी मठाधिपतीचा अधिकार दृढ व्हावयाचा. चांगदेवांच्या कथेत असा निर्णय देणारे पीठ नाही. संतपदाची मोहोर कीर्तनाने आणि यात्रेने उमटविली, आणि चमत्कार अधिपतीच्या अधिकाराचा क्षय दाखवितात. वाघ वश करणारा योगी अखेर कुमारवयाच्या मुक्ताबाईंना गुरू मानतो. आरंभी न सुचलेला मायना त्याला येथे सापडतो.

परंपरेने मुक्ताबाईंचे अंतर्धान शके १२१९ मध्ये तापीतीरी मानले आहे. चांगदेवांची समाधी मात्र गोदातीरी पुणतांब्यास दाखवितात. गुरूचे स्थान खानदेशात आणि शिष्याची समाधी दूर, तरीही गावाला नाव शिष्याचेच राहिले. या कथेचे थर कालक्रमाने लावावयाचे, तर पोथ्यांतील पाठ ताडून पाहण्यास पर्याय नाही. धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ आणि समर्थ वाग्देवता मंदिर येथील हस्तलिखितसंग्रह खानदेशच्या अभ्यासकास हाताशी आहेत. कोरा कागद प्रथम कोणत्या पोथीत येतो, याचा शोध तेथूनच सुरू व्हावयास हवा.