क्रोनिकोचे शरीर

'कायबा' ही मासाआकी युआसा यांची बारा भागांची जपानी चित्रमालिका २००८ मधली. गोल डोकी, फुगीर हातपाय पाहून ती मुलांसाठी असावी अशी माझी समजूत झाली. तिसऱ्या भागाने ती मोडली.

या जगात माणसाच्या आठवणी चिपमध्ये साठवतात. श्रीमंत हवे ते शरीर विकत घेतात, गरीब आपले विकतात. क्रोनिको नावाची पोर घरच्यांसाठी स्वतःचे शरीर विकते. पुढे नायक कायबा त्याच शरीरात वावरू लागतो. पडद्यावर तीच मुलगी, आणि ती तर नाही! पण तिला वाढवणाऱ्या बाईच्या मनात कायबा शिरतो, तेव्हा ही पोर तिथे जपलेली सापडते. चिप नव्हे, शरीर नव्हे. क्रोनिको उरते ती दुसऱ्याच्या आठवणीत.

आमच्या निंबोल्यात घरी मराठी, शाळेत आणि बाजारात हिंदी. माझ्या आईच्या गोष्टी मी नातवाला हिंदीत सांगतो. प्रसंग तेच, पण बोलणारी बाई परकी वाटते. म्हणूनच हा भाग मला इतका झोंबला असेल.

उत्तरार्धात राजकारण आणि सगळे गिळणारी वनस्पती यांची गर्दी होते. माणसे मागे पडतात. ते भाग मी एकदाच पाहिले, तिसरा मात्र चारदा. चौथ्यांदा नातू शेजारी होता.

"आजोबा, वो लड़की अब कौन है?"

उत्तर मराठीत सुचले होते. ते हिंदीत जुळवेपर्यंत पुढचा भाग सुरू झाला.