अजिंठा चित्रांच्या प्रतिकृती

अजिंठा (जि. छत्रपती संभाजीनगर) येथील बौद्ध लेण्यांतील भित्तिचित्रांच्या हाताने रंगवलेल्या नकला. मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ नंतर ईस्ट इंडिया कंपनीसाठी तैलरंगांत केलेल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत नष्ट झाल्या. मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स व पेस्तनजी बोमनजी आदी विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा प्रतिकृती केल्या. त्यांपैकी अनेक १८८५ मध्ये लंडनमध्येच जळाल्या. पुढे लेडी हेरिंगहॅम यांच्यासमवेत (१९०९–११) नंदलाल बोस, असितकुमार हलदार इत्यादींनी हे काम केले. जपानी चित्रकार आराई काम्पो यांच्या प्रतिकृती १९२३ च्या भूकंपात टोकिओ येथे नाहीशा झाल्या.

अजिंठा चित्रांचा प्राण प्रवाही रेषेत आहे. ग्रिफिथ्सप्रणीत प्रतिकृतींत तपशील काटेकोर असला, तरी तैलरंगांतील छायाप्रकाशामुळे ती रेषा दबते. हेरिंगहॅम यांच्या सहकाऱ्यांनी रेषेला प्राधान्य दिले. मात्र त्यांच्या प्रतिकृतींत बंगाली चित्रशैलीची कोमलता उतरली. शिवाय नक्कल करताना आकृती स्पष्ट दिसाव्यात म्हणून भिंतींवर व्हार्निश लावण्यात आले. ते कालांतराने पिवळे पडून मूळ रंग झाकोळले. म्हणजे जतनाचे साधनच काही अंशी हानीस कारण ठरले. तथापि भिंतीवरून गळून गेलेल्या भागांचा पुरावा काही ठिकाणी या प्रतिकृतींतच उरला आहे. त्यामुळे त्यांकडे मूळ चित्राचा पर्याय म्हणून नव्हे, तर नकलकाराच्या दृष्टीने रंगलेली साक्ष म्हणून पाहणे उचित होय.