पंचवीस वर्षांच्या विद्यार्थ्याचा निबंध आणि समाजशास्त्राचा वर्ग

समाजशास्त्र घेऊन एम. ए. करणारी आपली मुलेमुली विहारातील अभ्यासवर्गाला येतात, तेव्हा त्यांच्या टिपणवह्या आम्ही आवर्जून चाळतो. जातिव्यवस्थेचे प्रकरण त्यांत बहुधा एकाच क्रमाने उतरलेले असते. आरंभी डॉ. गो. स. घुर्ये यांनी सांगितलेली सहा लक्षणे, मग एम. एन. श्रीनिवास यांचे संस्कृतीकरण, त्यामागून लुई द्यूमाँ यांची शुद्धाशुद्धतेवर उभी असलेली उतरंड. आणि परीक्षा तोंडावर आल्यावर घाईने उरकावयाच्या शेवटच्या घटकात डॉ. बाबासाहेब आंबेडकर, तेही 'दलितांचे नेते' या नात्याने. नाव अभ्यासक्रमात आले, यावर समाधान मानणारे आपल्यात पुष्कळ आहेत. आम्हांस ते मानता येत नाही.

कालक्रमच पाहावा. कोलंबिया विद्यापीठातून १९१५ साली एम. ए. झालेल्या बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी तेथील डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात 'भारतातील जाती : त्यांची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास' हा निबंध वाचला. त्यांचे वय तेव्हा पंचवीस वर्षांचे होते. पुढील वर्षी तो 'इंडियन अँटिक्वरी'त छापला गेला. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग निघाला तो १९१९ साली, आणि घुर्ये यांचा जातीवरील प्रसिद्ध ग्रंथ आला १९३२ साली.

परंतु केवळ आधी लिहिले म्हणून आम्ही या निबंधाची थोरवी मानत नाही. थोरवी आहे ती त्यातील प्रश्नाची. सेनार्त, नेसफील्ड, रिस्ले आणि आपले श्रीधर व्यंकटेश केतकर या चौघांच्या व्याख्या बाबासाहेब एकेक करून तपासतात. केतकरांना ते योग्य श्रेय देतात आणि लगेच दाखवून देतात, की त्यांनी सांगितलेली दोन लक्षणे, म्हणजे जातीबाहेर विवाहास बंदी आणि जन्माने मिळणारे सदस्यत्व, या एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. लक्षणांची यादी वाढवीत न बसता ते एकाच लक्षणावर येऊन थांबतात : अंतर्विवाह. बहिर्विवाहाची जुनी चाल असलेल्या समाजावर अंतर्विवाह लादला गेला, तेव्हा जात निर्माण झाली. मग ही कोंडी टिकवायची कशी? पती मेल्यावर उरणारी 'अतिरिक्त' स्त्री आणि पत्नी मेल्यावर उरणारा 'अतिरिक्त' पुरुष यांचे काय करावयाचे? सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही चालींचा उलगडा त्यांनी या एका प्रश्नातून केला. जातीचा भार स्त्रीदेहावर कसा तोलला गेला आहे, हे इतक्या नेमकेपणाने मांडणारे लेखन त्या काळात आमच्या पाहण्यात नाही.

सुत्तनिपातातील वासेट्ठसुत्त आमच्या वाचकांस परिचित आहे. गवत, कीटक, पक्षी यांच्यात जन्मजात खुणांचे भेद आहेत, माणसामाणसांत तसे नाहीत, असे भगवंतांनी तेथे सांगितले. जात निसर्गाने घडविली नाही, हे तेथे सिद्ध झाले. मग ती माणसांनी कशी घडविली, हा त्याच्या पुढचा प्रश्न १९१६ च्या निबंधाने हाती घेतला.

श्रीनिवासांचे संस्कृतीकरण १९५२ च्या ग्रंथातून पुढे आले. वरच्या जातींच्या चालीरीतींचे अनुकरण, ही कल्पना फ्रेंच विचारवंत तार्द यांच्या आधारे बाबासाहेबांनी छत्तीस वर्षे आधी वापरली होती. उसनवारीचा आरोप आम्ही करीत नाही. दोघांचे प्रश्न वेगळे आहेत. श्रीनिवासांना जाती वर कशा सरकतात हे सांगावयाचे आहे, तर ब्राह्मणवर्गाने दार लावून घेतल्यावर इतरांनी काही अनुकरणाने, काही बहिष्कारामुळे स्वतःची दारे कशी लावली, हे बाबासाहेबांना सांगावयाचे आहे. दोन्ही सिद्धान्त एकाच घटकात समोरासमोर ठेवले, तर वर्गात खरी चर्चा होईल. आज एक सिद्धान्त म्हणून शिकविला जातो आणि दुसरा चरित्राच्या ओघात येतो.

दोष केवळ विद्यापीठांचा नाही. १९७९ साली शासनाने प्रसिद्ध केलेल्या पहिल्या खंडात हा निबंध आहे आणि तो खंड आपल्या कित्येक घरांत आहे. पण आपण त्याला हार घालतो, पाने क्वचितच उघडतो. या निबंधात अस्पृश्यतेची उपपत्ती नाही, तिच्यासाठी १९४८ च्या ग्रंथाकडे जावे लागते, असे म्हटले तरी काहींना तो अवमान वाटतो. आपली उपपत्ती टिकत नाही असे कोणी दाखविल्यास ती सोडण्याची तयारी बाबासाहेबांनी त्याच निबंधाच्या अखेरीस नोंदविली आहे, याचे मात्र स्मरण राहत नाही.

गेल्या अभ्यासवर्गात एम. ए. च्या दुसऱ्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीने विचारले, "अंतर्विवाह हीच जातीची कसोटी असेल, तर आपल्या वधूवर मेळाव्यांत फॉर्मवर 'बौद्ध' लिहून घेतल्यावर तोंडी पोटजात का विचारतात?" सभागृहात चुळबूळ झाली. एक ज्येष्ठ उपासक म्हणाले, "ताई, हा विषय चारचौघांत काढू नये." आम्ही तिला १९१६ चा निबंध आणि १९३६ चे 'जातिसंहार' जोडून वाचावयास सांगितले. तिने लघुप्रबंधासाठी तोच विषय घेतला असून मेळाव्यांच्या परिचयपुस्तिका जमविण्यास आरंभ केला आहे. ज्यांच्याकडे जुन्या पुस्तिका असतील त्यांनी त्या विहारात आणून द्याव्यात.