'ब्लॅकफिश' आणि बंधनाचा न्याय

आमच्या बालाघाटाहून समुद्र शेकडो मैल दूर. वैनगंगेच्या काठी राहणाऱ्यांस समुद्रातील प्राण्यांच्या बंदिवासाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. परंतु गॅब्रिएला काउपर्थवेट यांचा 'ब्लॅकफिश' (२०१३) हा अनुबोधपट ज्यांनी पाहिला, ते असे विचारणार नाहीत; कारण त्यात खरी झडती घेतली आहे ती तिकीट काढून टाळ्या वाजविणाऱ्यांची.

चित्रपटाचा विषय तिलिकम नावाचा ओर्का. ओर्का हा डॉल्फिनांच्या कुळातील सर्वांत मोठा प्राणी. १९८३ साली आइसलंडजवळ तिलिकमला पकडले, तेव्हा तो सुमारे दोन वर्षांचा होता. पुढील आयुष्य त्याने प्रथम कॅनडातील व १९९२ पासून अमेरिकेतील ऑर्लँडो येथील 'सीवर्ल्ड'च्या हौदात काढले. १९९१ ते २०१० या काळात तीन माणसांच्या मृत्यूंशी त्याचा संबंध आला. २०१७ साली तो बंदिवासातच मेला.

या चित्रपटाचे बळ त्याच्या साक्षीदारांत आहे. खेळ शिकविणारे पूर्वीचे शिक्षकच येथे बोलतात. १९७० साली पिले पकडण्याच्या कामी असलेला पाणबुड्या उतारवयात ती हकीकत सांगताना रडतो. पिलू दूर नेल्यावर आईने फोडलेला टाहो ऐकवताना दिग्दर्शिका उपदेश करीत नाही, हा तिचा संयम आम्हांस मोलाचा वाटतो. 'सीवर्ल्ड'ने मुलाखत नाकारल्यामुळे दुसरी बाजू मात्र लंगडी राहिली आहे.

तथापि आमचा मुख्य मतभेद रचनेविषयी आहे. तिलिकमने माणसे का मारली, या रहस्याभोवती सारी मांडणी फिरते. बंदिवासाने तो पिसाळला, म्हणून बंदिवास वाईट, असा निष्कर्ष प्रेक्षक घरी नेतो. मग जो प्राणी निमूटपणे सोसतो, त्याचे काय? डॉल्फिनाच्या जबड्याची ठेवणच अशी की तो सदैव हसताना भासतो. मरणाच्या दारीही तो हसराच दिसेल. १९९८ साली बल्गेरियातून चेन्नईजवळ खेळांसाठी आणलेले डॉल्फिन काही महिन्यांतच दगावले. त्यांनी कोणाचा जीव घेतला नव्हता. त्यांची कैफियत 'ब्लॅकफिश'च्या तर्कात बसत नाही.

आपल्याकडील निर्णय या बाबतीत अधिक खोल गेला. मे २०१३ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने डॉल्फिनांच्या खेळांची केंद्रे उभारण्यास परवानगी देऊ नये असे राज्यांना कळविले. तेथे आधार घेतला तो या प्राण्यांच्या बुद्धीचा व संवेदनेचा. त्यांच्या क्रोधाचा नव्हे.

सर्वच बंधन त्याज्य, असे आमचे म्हणणे नाही. मंडला व बालाघाट या जिल्ह्यांत पसरलेल्या कान्हाच्या अरण्यात १९७० च्या सुमारास अवघे सहासष्ट बारशिंगे उरले होते. त्यांना हिंस्र पशूंपासून राखण्यासाठी कुंपण घातले, कळप वाढविला आणि पुन्हा रानात सोडले. ते कुंपण बारशिंग्यासाठी होते. ऑर्लँडोचा हौद प्रेक्षकांसाठी. बंधन कोणाच्या हिताचे आणि ते केव्हा सुटणार, या दोन प्रश्नांनी त्याचा न्याय व्हावा.

देवळाच्या दारी साखळदंडात उभ्या असलेल्या हत्तीलाही हेच दोन प्रश्न लागू पडतात. तो शांत आहे, एवढ्यावर आपली सुटका नाही.