लाकडी नंदीची परीक्षा

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात तान्हा पोळा. एकीकडे मारबतींच्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, दुसरीकडे चिल्लीपिल्ली लाकडी नंदी ओढत घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरतात. दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी 1806 मध्ये हा पोरांचा पोळा सुरू केला, असे सांगतात. म्हणजे दोनशे वर्षे हे शहर सुतारांकडून बैल करून घेत आले आहे. पण या बैलाचे गुणदोष कुणी तपासले? गल्लोगल्लीच्या स्पर्धांत बक्षीस जाते ते झुलीला, घुंगरांना आणि पोराच्या वेशभूषेला. खालचे लाकूड कुणी पाहत नाही.

ते पाहिले तर पहिली तक्रार आकाराची. बाजारातले बरेचसे नंदी देवळापुढच्या दगडी नंदीवरून किंवा कॅलेंडरच्या चित्रावरून बेतलेले वाटतात. मान ताठ, वशिंड वरून चिकटवल्यासारखे, शिंगे पार खिल्लारी. नागपूर-वर्धेकडचा अस्सल बैल म्हणजे गवळाऊ: पांढरा, मध्यम उंचीचा, अंगाने सडपातळ, निमुळत्या तोंडाचा, आखूड शिंगांचा, पळण्यात तरबेज. हा घरचा बैल लाकडात क्वचितच उतरतो. गोल पोट आणि खांबासारखे चार पाय करायला सोपे, एवढेच त्या बाजारी नमुन्याचे समर्थन. कारागिराचा हात ओळखायचा तर खांद्यापाशी बघावे. पुढचा पाय छातीतून उतरला आहे की पोटाखाली ठोकला आहे, हे तिथे लगेच कळते.

शिंगांचे दुखणे वेगळे. धड कोरलेल्या ठोकळ्यातूनच शिंगही काढायला गेले, तर लाकडाचे तंतू शिंगाला आडवे येतात आणि पहिल्याच पडझडीत टोक तुटते. जाणता सुतार शिंग वेगळ्या तुकड्यातून, तंतू लांबीला धरून काढतो आणि कुसू करून डोक्यात बसवतो. पायांनाही हाच न्याय लावावा. काम वाढते, पण नंदी दोन पिढ्या टिकतो. घाईचा सुतार मात्र खिळा मारून वर रंगाचा हात देतो.

लाकूड उत्तम म्हणजे सागवान, आणि चंद्रपूर-गडचिरोलीचे जंगल हाकेच्या अंतरावर. तरी सागवान म्हटले की सगळे आले, असे नाही. ऐन पावसाळ्यात ओलसर लाकडाचा घडवलेला नंदी पुढच्या वैशाखात, पारा पंचेचाळिशीला टेकला की, पाठीवर उभा तडकतो. सावलीत मुरवलेले साधे आडजात लाकूड अशा सागवानापेक्षा बरे.

रंगाचेही बघायला हवे. लहान पोर नंदीचे शिंग तोंडात घालणारच. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्षात 90 भागांपेक्षा जास्त नसावे, हा नियम 2017 पासून लागू आहे. पण सुट्या डब्यातल्या स्वस्त रंगाची हमी कोण देणार? कर्नाटकातल्या चन्नपट्टणचे कारागीर लेथवर फिरत्या लाकडाला रंगीत लाख घासून चढवतात. ज्या झाडाच्या लाकडावर ते काम चालते, तो काळा कुडा आपल्याकडच्या रानातही आहे. आख्खा बैल काही लेथवर होणार नाही, पण चाके सहज होतील. आणि खरी गरज तिथेच आहे. चाके वाकडी, आस म्हणजे नुसता खिळा. पोराने दोरी ओढली की नंदी तोंडघशी. खेळणे म्हणून हा दोष मला सर्वांत मोठा वाटतो.

उलट आज हौस चालली आहे ती उंचीकडे. पोराच्या डोक्यावरून जाणारे, दिवाणखान्यात मिरवायचे, लाखाच्या घरातले नंदी होतात, आणि त्यांत अधूनमधून खरेच देखणे कोरीवकाम असते. पण ते ओढतो बाप, पोर फोटोपुरते.

मंडळांनी स्पर्धेत निम्मे गुण साज उतरवून द्यावेत आणि उरलेल्यांतले काही गुण नंदी पोराकडून ओढवून. शिवाय कारागिराचे नाव नंदीच्या पोटाखाली कोरायला लावावे. सध्या कुणी केला म्हणून विचारले, तर दुकानाचा पत्ता मिळतो.