‘हॅम रेडिओ चालतोच’ : एका वाक्याची तपासणी

हौशी रेडिओ किंवा हॅम रेडिओ या विषयावर विद्यार्थ्यांसाठी जे लिहिले-बोलले जाते, त्यात एक वाक्य हमखास आढळते : “दूरध्वनी, मोबाइल, वीज सारे बंद पडले तरी हॅम रेडिओ चालतो.” या वाक्याला आधार आहे. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप, २६ जानेवारी २००१ चा कच्छचा भूकंप आणि २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी या तिन्ही प्रसंगी हौशी रेडिओचालकांनी निरोपांची ने-आण केली. आमचा आक्षेप त्या कामाला नाही. ते काम ज्या रीतीने सांगितले जाते तिला आहे. ऐकणाऱ्याला वाटते, संच उघडला, बटण दाबले की झाले. प्रत्यक्षात रेडिओ आपणहून चालत नाही. कोठून, केव्हा आणि किती अंतरावर बोलायचे हे आधी ठरवावे लागते. विज्ञान शिकवण्यासारखे जे काही आहे ते या ठरवण्यातच आहे, आणि नेमके तेच गाळले जाते.

अंदमानचे उदाहरण तर आमच्याच बाजूचे आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी त्सुनामीच्या वेळी पोर्ट ब्लेअरला होते, कारण तेथून प्रक्षेपण करण्याची खास परवानगी मिळवून ते संच व अँटेना यांसह आधीच गेले होते. संकट अचानक आले. तयारी अचानक झालेली नव्हती.

आता हे वाक्य एका गावाला लावून पाहू. जालना जिल्ह्यातील परतूर तालुक्यातले आष्टी घेऊ. येथून जालना हवाई अंतराने सुमारे ६० किलोमीटर, छत्रपती संभाजीनगर १०० च्या आसपास, किल्लारी सुमारे १५० आणि मुंबई सुमारे ३५० किलोमीटर. गावाचा बाहेरच्या जगाशी संपर्क तुटला, तर निरोप याच अंतरांवर पोचवायचा आहे.

प्रात्यक्षिकांत बहुधा हातात धरायचा छोटा संच दाखवतात. तो १४४ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतो आणि त्याच्या लहरी साधारणपणे सरळ रेषेत जातात. पृथ्वीच्या गोलाईमुळे त्यांना क्षितिजाची मर्यादा पडते. अँटेनाची उंची मीटरमध्ये घेऊन तिच्या वर्गमुळाला ४.१ ने गुणले की हे रेडिओ-क्षितिज किलोमीटरमध्ये मिळते. दोन्ही टोकांना ९ मीटर उंचीच्या अँटेना असल्या तर १२.३ अधिक १२.३, म्हणजे सुमारे २५ किलोमीटर. जालना गाठण्यासाठी दोन्हीकडे सुमारे ५३ मीटर उंचीचे मनोरे लागतील. उंचावर पुनःप्रक्षेपक असेल तर अडचण दूर होते. पण त्यालाही वीज लागते आणि आपत्तीत तोही उभा राहावा लागतो.

म्हणून खालच्या वारंवारतांकडे, ७ आणि ३.५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यांकडे, वळावे लागते. येथे पाठ्यपुस्तकी आकृती आडवी येते. तिच्यात आयनांबर हा आरसा असतो, एक तिरपा किरण वर जातो आणि दूर कोठेतरी उतरतो. ही आकृती खोटी नाही, अपुरी आहे. आरसा सर्व रंग परत पाठवतो. आयनांबर सर्व वारंवारता परत पाठवत नाही. सरळ वर सोडलेली लहर ज्या वारंवारतेपर्यंत परत येते, तिला क्रांतिक वारंवारता म्हणतात. तिच्यापेक्षा जास्त वारंवारतेची लहर थर भेदून निघून जाते. लहर तिरपी गेली तर ही मर्यादा थोडी वाढते.

समजा, परावर्तन करणारा थर ३०० किलोमीटर उंचीवर आहे आणि क्रांतिक वारंवारता ६.५ मेगाहर्ट्झ आहे. आष्टीहून जालन्यासाठी लहर जमिनीशी सुमारे ८४ अंशांचा कोन करून, म्हणजे जवळजवळ उभी, पाठवावी लागते. मर्यादा जेमतेम ६.५ च राहते. मुंबईसाठी कोन सुमारे ६० अंश होतो आणि मर्यादा ७.५ वर जाते. अशा वेळी ७ मेगाहर्ट्झवर बोलणाऱ्याला मुंबई ऐकू शकेल, पण शेजारचे जालना ऐकणार नाही! जमिनीलगत जाणारी लहर तेथवर पोचेपर्यंत क्षीण होते आणि आकाशातून परतणारी लहर जालन्यापलीकडे उतरते. ‘जवळचे सोपे, लांबचे अवघड’ हा व्यवहारातला नियम येथे उलटा होतो.

मग नेहमी ३.५ वरच का बोलू नये? कारण दिवसा आयनांबराचा सर्वांत खालचा, ‘डी’ नावाचा थर लहरींचे शोषण करतो. डेसिबलमध्ये मोजले तर हे शोषण ढोबळमानाने वारंवारतेच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते, म्हणजे ३.५ वर ७ च्या चौपट. सूर्य मावळला की हा थर जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून सर्वसाधारण योजना अशी : दिवसा ७, रात्री ३.५. किल्लारीचा भूकंप पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला. पहाटेपूर्वीचा हा प्रहर क्रांतिक वारंवारता बहुधा सर्वांत खाली उतरण्याचा असतो. जो केवळ ७ मेगाहर्ट्झची तार घेऊन निघाला, त्याला अशा वेळी जवळच्या जिल्ह्याशी बोलण्यासाठी उजाडेपर्यंत थांबावे लागण्याचा संभव मोठा.

अँटेना ‘जितकी उंच तितकी चांगली’ हाही असाच अर्धवट नियम. अर्धलहरी तारेची लांबी मीटरमध्ये काढायची तर १४३ ला मेगाहर्ट्झने भागावे : ७.१ साठी सुमारे २० मीटर, ३.६ साठी सुमारे ४० मीटर. लहरी उभ्या वर पाठवायच्या असल्याने ही तार ८-९ मीटर उंचीच्या बांबूवरून दोन्ही बाजूंना उतरती बांधली तरी पुरते. येथे मनोऱ्याची गरज नाही, शाळेचे मैदान पुरेसे आहे.

विजेचा हिशेबही तितकाच साधा. १०० वॉटचा संच बोलताना २० अँपिअरपर्यंत आणि ऐकताना सुमारे १ अँपिअर प्रवाह घेतो. १२ तासांत एक दशांश वेळ बोलणे धरले तर जास्तीत जास्त २४ अधिक ११, म्हणजे ३५ अँपिअर-तास. शिशाच्या बॅटरीतून निम्माच साठा वापरावा. म्हणजे ७० ची जड बॅटरी वाहून न्यावी लागेल. १० वॉटच्या संचाला ३ आणि ०.५ अँपिअर धरले तर ९ अँपिअर-तासांत भागते आणि २० ची बॅटरी पुरते. शक्ती दहापट घटली तरी संदेश दहापट घटत नाही. वेळ व पट्टा योग्य असेल तर आवाज थोडा क्षीण होतो, इतकेच.

काही गोष्टी सूत्रांत बसत नाहीत. मे-जूनमध्ये खालच्या पट्ट्यांवर विजांचा खरखराट फार असतो, आणि ढग गडगडत असताना तार उभारणे किंवा संचाला जोडलेली ठेवणे जिवावर बेतू शकते. तार विजेच्या वाहिन्यांच्या जवळपासही नको. केंद्र शासनाची परीक्षा देऊन परवाना मिळवल्याशिवाय प्रक्षेपण करता येत नाही, आणि जागा बदलून प्रक्षेपण करण्यापूर्वी परवान्याच्या अटी पाहाव्या लागतात. शिवाय निरोप नेमका हवा. ‘आष्टीला औषधे पाठवा’ एवढेच सांगितले तर गाडी बीड किंवा वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीलाही जाईल!

शिक्षकांना आमची विनंती एवढीच की, हॅम रेडिओची ओळख करून देताना संच दाखवण्याआधी नकाशा, कोनमापक आणि वही काढावी. आपल्या गावापासून चार ठिकाणांची अंतरे, त्यांचे कोन, तारेची लांबी आणि बॅटरीचा हिशेब नववी-दहावीचे विद्यार्थी करू शकतात. परवाना नसला तरी एक प्रयोग होतो : साध्या शॉर्टवेव्ह रेडिओवर ४१ मीटरचा पट्टा दुपारी, रात्री दहाला आणि पहाटे पाचला आठवडाभर ऐकावा व कोणती केंद्रे लागतात याची नोंद ठेवावी. ती नोंदवही हाती आल्यावर ‘हॅम रेडिओ चालतो’ या वाक्यापुढे ‘केव्हा, कोठवर आणि कशावर’ हे प्रश्न विद्यार्थी स्वतःच विचारू लागतील.